पट, पट्टा आणि पेरणी

फ्रीबीएसडी या मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या ३.० आवृत्तीत ग्रेग लेही यांचा 'विनम' नावाचा ड्रायव्हर आला. अनेक डिस्क जोडून त्यांची एकच मोठी डिस्क भासवायची, हे त्याचं काम. विनम म्हणजे लॅटिनमध्ये द्राक्षाची दारू. प्रेरणा होती व्हेरिटास कंपनीच्या अशाच व्यवस्थेची. व्हेरिटास म्हणजे सत्य, आणि दारू पोटात गेली की सत्य ओठांवर येतं, अशी लॅटिन म्हण आहे. ज्याच्याकडून शिकलो त्याची खूण नावातच ठेवलेली, हे मला फार आवडतं.

विनममध्ये माहितीच्या एका पूर्ण प्रतीला 'प्लेक्स' म्हणतात. लॅटिन डुप्लेक्स म्हणजे दुहेरी, दुपदरी. आपल्या दुप्पट-तिप्पटमधला 'पट' नेमकं हेच काम करतो, म्हणून मराठीत प्लेक्सला पट म्हणावं. दोन प्लेक्स ठेवले की माहिती अक्षरशः दुप्पट होते. एका प्रतीची डिस्क गेली तरी दुसरा पट शाबूत.

विनममधल्या 'स्ट्राइप'ला सरळ पट्टा म्हणावं. संस्कृत 'पट्ट'पासून आलेला हा शब्द दुपट्ट्यातही आहे. मात्र हा पट्टा एका डिस्कवर नसतो. कागदावर चार डिस्क शेजारीशेजारी उभ्या काढा. प्रत्येकीचा एकेक तुकडा घेऊन जी आडवी ओळ होते, तो पट्टा. हे चित्र डोळ्यांपुढे आलं की नाव पटतं.

माहिती अशी पट्ट्यांत मांडण्यासाठी क्रियापद मात्र 'पट्टे पाडणे' नको, 'पेरणे' हवं. चाड्यात सोडलेलं बी तिफणीच्या तीन नळ्यांतून एकाच वेळी तीन तासांत, म्हणजे तीन ओळींत, पडतं. ड्रायव्हरही एकाच फाइलचे तुकडे पाळीपाळीने वेगवेगळ्या डिस्कवर टाकतो, आणि सगळ्या डिस्क एकदम राबतात म्हणून काम लवकर उरकतं. 'बातमी पेरणे'मुळे या क्रियापदाला अलीकडे वास लागलाय खरा, पण म्हणून शेतातला अर्थ सोडायचं कारण नाही.

चाड्यावर मूठ धरणाऱ्याचं कसबही इथे लागतं. विनमच्या माहितीपुस्तिकेचा सल्ला आहे : तुकडा २५६ ते ५१२ किलोबाइटच्या दरम्यान ठेवा, पण दोनाचा घात टाळा. चार डिस्क आणि २५६चा तुकडा घेतला, तर पट्टा १०२४ किलोबाइटचा होतो. फाइल व्यवस्था आपल्या महत्त्वाच्या नोंदी ठरावीक अंतराने ठेवते. ते अंतर पट्ट्याच्या पटीत आलं की साऱ्या नोंदी एकाच डिस्कच्या वाट्याला येतात. एका तासात बी दाटतं, बाकीचे तास विरळ. तुकड्याचा आकार थोडा आडनिडा ठेवला की मूठ सारखी पडते.

पट एकच असेल आणि त्यात नुसते पट्टे असतील, तर त्या मांडणीला रेड ० म्हणतात. शेतात एक तास उगवला नाही तरी बाकीचं पीक हाती लागतं. इथे चारातली एक डिस्क बिघडली की चारही डिस्कवरची माहिती जाते. अशी मांडणी वापरत असाल, तर एक प्रत दुसरीकडे ठेवाच.