ऊर्ध्व उड्डाण, दीर्घ पल्ला आणि मालवाहतूक : संकरित-विद्युत मानवरहित विमानाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना

धावपट्टीवाचून जागच्या जागी उभे वर उठणारे, नंतर पंखांच्या आधारे शेकडो किलोमीटर जाणारे आणि वैमानिकाविना माल उतरवून परत फिरणारे विमान एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विमानविद्येच्या चर्चेच्या केंद्रस्थानी आले. अमेरिकेत २०१६ मध्ये स्थापन झालेल्या एलरॉय एअर या कंपनीचे ‘चॅपरल’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. अशा यंत्रांचे वर्णन सामान्यतः सर्वस्वी नवा शोध असे केले जाते. इतिहासाला हे मान्य होण्यासारखे नाही. उभे उड्डाण, पंखांवरील प्रवास आणि वैमानिकाचा अभाव या तिन्ही कल्पना १९६० च्या दशकापर्यंत प्रत्यक्ष यंत्रांत उतरल्या होत्या व बहुतांशी फसल्याही होत्या. त्या का फसल्या, त्या कारणांपैकी कोणती कारणे विजेच्या वापराने दूर झाली आणि कोणती तशीच शिल्लक राहिली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मूळ पेच

या संपूर्ण इतिहासाच्या मुळाशी एक साधे गणित आहे. पंख असलेल्या चांगल्या विमानाला हवेत पुढे जात राहण्यासाठी आपल्या वजनाच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याइतका रेटा पुरतो. तेच विमान उभे उचलायचे म्हटले, तर वजनाहून अधिक रेटा लागतो. म्हणजे उड्डाणाच्या व उतरण्याच्या दोन-चार मिनिटांसाठी जी शक्ती हवी, तिची यंत्रसामग्री पुढचे दोन-तीन तास निव्वळ ओझे म्हणून वाहावी लागते. एका वरातीसाठी वर्षभर घोडा पोसावा, तसाच हा प्रकार! हेलिकॉप्टरने मोठा रोटर वापरून पहिली अडचण हलकी केली; परंतु वेग व पल्ला या बाबतींत ते विमानाची बरोबरी करू शकले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावरील अभियंत्यांनी या दोहोंचा मेळ घालण्याचे जे प्रयत्न केले, ते या घोड्याचा खर्च कमी करण्याचेच प्रयत्न होते.

तीन प्रयोग

इंग्लंडमधील फेअरी कंपनीचे ‘रोटोडाइन’ ६ नोव्हेंबर १९५७ रोजी प्रथम उडाले. त्याला दोन टर्बोप्रॉप इंजिने, आखूड पंख आणि वर मोठा रोटर होता. उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी रोटरच्या पात्यांच्या टोकांशी दाबाखालील हवेत इंधन जाळून त्याला फिरवले जाई. पुढे जाताना ती ज्योत बंद होई आणि रोटर वाऱ्यानेच फिरत राही. जानेवारी १९५९ मध्ये या यंत्राने १०० किलोमीटरच्या बंदिस्त मार्गावर ताशी सुमारे ३०७ किलोमीटरचा विक्रम केला. यंत्र म्हणून रोटोडाइन यशस्वी होते, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. पात्यांच्या टोकांवरील ज्वलनाचा कर्कश आवाज, शहराच्या मध्यभागी तो कोण सहन करणार हा प्रश्न आणि ग्राहकांची चालढकल यांमुळे फेब्रुवारी १९६२ मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला.

पश्चिम जर्मनीच्या ‘डॉर्निए डीओ ३१’ या मालवाहू विमानाने दुसरा मार्ग धरला. उचलण्याचे काम व पुढे ढकलण्याचे काम शक्य तितके वेगळे करावयाचे, ही त्यामागची भूमिका होती. १९६७ मध्ये उडालेल्या या विमानात दोन मुख्य जेट इंजिनांखेरीज पंखांच्या टोकांशी केवळ उचलण्यासाठी आठ जेट इंजिने बसवली होती. मार्गस्थ झाल्यावर ही आठही बंद. त्यांचे वजन आणि त्यांच्या कोठ्यांना होणारा हवेचा विरोध यांनी माल व पल्ला दोन्ही खाल्ले. १९७० मध्ये हा प्रयोग संपला.

अमेरिकेतील ‘एक्ससी-१४२’ या विमानात पंखच इंजिनांसह उभा वळत असे. १९६४ मध्ये ते प्रथम उडाले व जानेवारी १९६५ मध्ये त्याने उभ्या स्थितीतून आडव्या स्थितीत संक्रमण केले. एक इंजिन बंद पडले तरी चारही प्रोपेलर फिरत राहावेत म्हणून सर्व इंजिने आडव्या दंडांनी व गिअरबॉक्सने जोडलेली होती. शेपटीवरील पंख्यालाही त्याच जाळ्यातून शक्ती मिळे. सुरक्षिततेसाठी योजलेले हे जाळेच कंप, झीज व बिघाड यांचे आगर ठरले. मे १९६७ मधील अपघातात तीन जणांचे प्राण गेले. एकूण पाचच विमाने बांधली गेली.

या तीन प्रयोगांतील समान धागा सहसा दुर्लक्षिला जातो. तिन्ही ठिकाणी उड्डाणाचे तत्त्व सिद्ध झाले होते. अडचण शक्ती एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याची होती. ती कोठे ज्योतीच्या आवाजाने, कोठे जादा इंजिनांच्या भाराने, तर कोठे फिरत्या दंडांच्या गुंत्याने समोर आली.

वैमानिकाविना उड्डाण

वैमानिक वगळण्याचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. दुसऱ्या महायुद्धातील जुन्या विनाशिकांवर माणूस चालवीत असलेले हेलिकॉप्टर उतरण्याइतकी जागा नव्हती. म्हणून अमेरिकी नौदलाने पाणतीर वाहून नेणारे ‘क्यूएच-५०’ हे लहान मानवरहित हेलिकॉप्टर स्वीकारले. १९६० मध्ये त्याचे पहिले मानवरहित मुक्त उड्डाण झाले. पुढे अशी ७०० हून अधिक यंत्रे बांधली गेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक नष्ट झाली. एखादा इलेक्ट्रॉनिक भाग निकामी झाला तर त्याची जागा घेणारा दुसरा भाग यंत्रात नव्हता, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. वैमानिक नसल्याने जीवितहानी टळत होती. तेवढ्यामुळे यंत्राच्या विश्वासार्हतेकडे पाहण्याची दृष्टी सैल झाली, असे म्हणावयास जागा आहे.

मालवाहतुकीतील खरा धडा त्यानंतर अर्ध्या शतकाने अफगाणिस्तानात मिळाला. रस्त्यांवर पेरलेल्या स्फोटकांमुळे रसद नेणाऱ्या ताफ्यांची हानी होत होती. डिसेंबर २०११ पासून अमेरिकी मरीन दलाने ‘के-मॅक्स’ या हेलिकॉप्टरची मानवरहित आवृत्ती तेथे वापरली. सहा महिन्यांसाठी आलेली ही दोन यंत्रे मे २०१४ पर्यंत राहिली आणि त्यांनी सुमारे २,००० टन माल वाहिला. त्यांतील बरीच उड्डाणे रात्रीची होती. जून २०१३ मध्ये लटकता भार झोके घेऊ लागल्याने एक यंत्र कोसळले. तरीही ठरलेल्या बिंदूंवरून स्वयंचलित मार्गक्रमण करून दररोजची रसद पोहोचवता येते, हे येथे सिद्ध झाले. मात्र के-मॅक्स हे अखेर हेलिकॉप्टरच. पल्ल्याचा पेच त्याने सोडवला नव्हता.

दंडाऐवजी तार

संकरित-विद्युत रचनेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. इंजिनाने जनित्र फिरवावयाचे, जनित्राने वीज निर्माण करावयाची आणि त्या विजेवर मोटरी चालवावयाच्या, ही रचना नवी नाही. भारतीय रेल्वेची डिझेल इंजिने याच तत्त्वावर धावली. त्यांच्या चाकांना गती डिझेल यंत्राकडून थेट मिळत नाही, विद्युत मोटरींकडून मिळते. विमानात ही रचना येण्यास उशीर झाला तो वजनामुळे. २०११ मध्ये सीमेन्स, डायमंड व ईएडीएस यांनी बनवलेले ‘डीए३६ ई-स्टार’ हे लहान विमान एकसरी संकरित रचनेवर उडाले.

ज्या जागी एक्ससी-१४२ मध्ये दंड व गिअरबॉक्स होते, त्या जागी आता तार आली. रोटर कितीही असोत व कोठेही असोत, तार तेथवर पोहोचते. मोटरीचा वेग क्षणार्धात बदलता येत असल्याने संगणक प्रत्येक रोटर स्वतंत्रपणे आवरू शकतो. एक मोटर बंद पडली तर इतर मोटरी तिचा भार उचलू शकतात.

केवळ बॅटरी का पुरत नाही, याचे उत्तर आकड्यांत आहे. एक किलो विमान-इंधनात सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते. लिथियम-आयन बॅटरीच्या संचात ती साधारणतः १५० ते २५० वॅट-तास भरते. लहान टर्बाइनमध्ये इंधनातील तीन-चतुर्थांश ऊर्जा वाया गेली, तरीही इंधनाचे पारडे दहापटींहून जड राहते. उलट बॅटरी थोड्या वेळात मोठी शक्ती देऊ शकते. त्यामुळे उभे उठताना व उतरताना बॅटरीकडून उसनवारी करावयाची, आणि वाटेत जनित्राने ती फेडावयाची, अशी वाटणी करता येते. जनित्र प्रवासाच्या सरासरी गरजेइतकेच मोठे ठेवले की पुरते. वरातीचा घोडा भाड्याने आणण्याची सोय झाली ती येथे.

तथापि हे सहज साधले नाही. अमेरिकी संरक्षण संशोधन संस्था डार्पा हिच्यासाठी अरोरा कंपनीने आखलेल्या ‘एक्सव्ही-२४’ मध्ये एका टर्बाइनवर एक मेगावॅटची तीन जनित्रे व त्यांवर २४ पंखे अशी योजना होती. छोट्या प्रतिकृतीने २०१६ मध्ये उड्डाण केले; पण पूर्ण आकाराचे विमान होण्यापूर्वीच २०१८ मध्ये प्रकल्प रद्द झाला. लहान यंत्रांना अधिक यश लाभले. २०१७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात सुमारे २६० किलोमीटर अंतरावर रक्ताचे नमुने मानवरहित विमानाने नेले व ते तपासणीयोग्य राहिल्याचे दाखवले.

चॅपरल आणि शिल्लक प्रश्न

चॅपरलमध्ये उचलण्यासाठी आठ रोटर, पुढे जाण्यासाठी चार प्रोपेलर, बॅटरी आणि टर्बाइनवर चालणारे जनित्र आहे. सुमारे १३६ किलो माल घेऊन ४८० किलोमीटर जाण्याचे उद्दिष्ट कंपनीने जाहीर केले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील बायरन येथे पूर्ण आकाराच्या यंत्राचे पहिले उड्डाण झाले. ते एक मिनिटाहूनही कमी काळाचे व जागच्या जागी अधांतरी राहण्याचे होते. म्हणजे त्या दिवशी सिद्ध झाला तो पेचाचा जुना, १९५० च्या दशकातच सुटलेला अर्धा भाग. पल्ल्याच्या उद्दिष्टाशी त्या उड्डाणाचा संबंध नव्हता. शिवाय मार्गस्थ असताना त्याचे आठ रोटर थांबलेलेच राहतात. मोटरी जेट इंजिनांहून हलक्या असल्या तरी डीओ ३१ चे ओझे पूर्णतः उतरलेले नाही.

भारतातील अनुभव आतापर्यंत प्रामुख्याने लहान अंतरांचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी सुमारे २० किलोमीटरवर ड्रोनने लशींच्या ३०० मात्रा पोहोचवण्यात आल्या. डोंगरातील वळणाचा रस्ता टळल्याने वेळ वाचला. परंतु मात्रांचे वजन किरकोळ होते. धान्य, यंत्रांचे सुटे भाग किंवा पुरात अडकलेल्या वस्तीसाठीची सामग्री न्यावयाची तर यंत्राचा आकार वाढतो, आणि आकार वाढला की कायदा बदलतो. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी मर्यादा ३०० वरून ५०० किलोंपर्यंत नेली. ती भारासह एकूण वजनाची आहे. चॅपरलच्या वर्गातील यंत्र ही मर्यादा ओलांडते व त्याला विमानाचे नियम लागू होतात. तेथे प्रत्येक महत्त्वाचा भाग निकामी झाल्यास काय होईल याचे उत्तर आधी द्यावे लागते. क्यूएच-५० च्या रचनेत नेमके हेच उत्तर नव्हते.