स्टेरॉइडची गोष्ट: कावीळ झाली आणि सांधे मोकळे झाले

कोविडमध्ये घराघरात पोचलेला एक शब्द म्हणजे स्टेरॉइड. कोणी म्हणे त्यानं जीव वाचतो, कोणी म्हणे त्यानं काळी बुरशी होते. दोन्ही खरं कसं? त्यासाठी थेट १९२९ मध्ये जाऊ, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये.

तिथे डॉ. फिलिप हेंच आमवाताचे पेशंट बघायचे. त्यातल्या एकाला कावीळ झाली आणि सांधेदुखी चक्क थांबली. पुढे गरोदर बायकांमध्येही तेच दिसलं: पोटात बाळ असेपर्यंत आराम, बाळंतपणानंतर दुखणं परत. हेंच यांनी ताडलं, की शरीर स्वतःच काहीतरी औषध बनवतंय. त्याला त्यांनी नाव दिलं 'सब्स्टन्स एक्स'.

त्याच क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून हार्मोन वेगळे काढत होते. त्यातलंच एक 'कंपाउंड ई'. पण हाती यायचं अगदी चिमूटभर. शेवटी मर्क कंपनीनं ते बैलाच्या पित्तापासून, तीसहून जास्त पायऱ्यांनी बनवलं. २१ सप्टेंबर १९४८ ला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. हालचालही अवघड झालेली २९ वर्षांची ती बाई आठवडाभरात खरेदीला बाहेर पडली! हेच कॉर्टिसोन. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडच्या राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं.

आता हे चालतं कसं? शरीरात कॉर्टिसोनचं कॉर्टिसोल होतं. ते रोगप्रतिकारक पेशींच्या आत शिरतं आणि सूज वाढवणारे निरोप तयार करणारी जनुकं दाबून टाकतं. एरवी हे काम मेंदूच करतो. पेशी लढायला लागल्या की त्यांचे निरोप मेंदूपर्यंत जातात, मेंदू पिट्यूटरीमार्फत अधिवृक्क ग्रंथींना हुकूम सोडतो आणि आलेलं कॉर्टिसोल त्याच पेशींना आवरतं. आम्हा कोडिंगवाल्यांच्या भाषेत, फीडबॅक लूप.

गोची इथेच आहे. आमवातात पेशी आपल्याच सांध्यांवर उलटतात, तिथे लगाम हवाच. पण हा लगाम चूक हल्ला आणि खरा हल्ला यात फरक करत नाही. मोठे डोस चालू राहिले तसे पेशंटचे चेहरे गोल झाले, हाडं ठिसूळ झाली, इन्फेक्शनं वाढली. आणि औषध थांबवलं की दुखणं हजर.

२०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये तेच पुन्हा दिसलं. डेक्सामेथासोननं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशानं घटले. ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना फायदा झाला नाही. २०२१ मध्ये आपल्या महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसची लाट आली, तेव्हा मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेहिशेबी वापर ही मोठी कारणं होती.

म्हणून मला वाटतं, प्रश्न 'स्टेरॉइड चांगलं की वाईट' हा नाहीच. कोणाला, कधी, किती, हा आहे. मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. आणि बरेच दिवस चालू असेल तर मनानं एकदम बंदही करू नका. बाहेरून आयतं मिळतंय म्हणून आपली ग्रंथी तोवर सुस्तावलेली असते, तिला जागं व्हायला वेळ लागतो. घरात कोणाला चालू असेल, तर हा भाग त्यांना नक्की ऐकवा.