नागपूरच्या उन्हात घरी केळी कशी लावायची?

२३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांपर्यंत उतरला. केळीला मानवते ते साधारण १५ ते ३५ अंशांचे हवामान. मग नागपुरात अंगणात केळी येते का? येते. पण लागवडीची वेळ चुकली, तर वर्षभर पाणी घालूनही हाती फक्त पाने लागतात.

केळ हे झाड नाही

ज्याला आपण केळीचे खोड म्हणतो, तो खांब असतो. एकमेकांवर घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या तळांपासून तो तयार होतो. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. ठरावीक पाने येऊन गेली की घड खांबातून वर सरकतो आणि शेंड्यातून बाहेर पडतो. यालाच केळी निसवणे म्हणतात. एका खांबाला एकदाच घड लागतो. पुढचे पीक कंदाला फुटणाऱ्या पिलांपासून, म्हणजे मुनव्यांपासून मिळते.

लागवड केव्हा करावी?

पारा १२ अंशांच्या खाली गेला की केळीची वाढ जवळपास थांबते. कडाक्याच्या थंडीत निसवणारा घड खांबाच्या तोंडाशीच अडकतो. मे महिन्यात उलट त्रास होतो. पाने करपतात आणि घडाचा दांडा उन्हाने भाजतो.

जळगावचे शेतकरी दोन हंगामांत केळी लावतात. जून-जुलैची लागवड म्हणजे मृगबाग आणि ऑक्टोबरच्या आसपासची कांदेबाग. नागपुरात घरासाठी मृगबाग सोयीची. पावसाळ्यात रोप जोर धरते आणि थंडी येईपर्यंत मोठे होते. टिश्यू कल्चरचे रोप साधारण ७ ते ९ महिन्यांत निसवते, म्हणजे थंडी ओसरल्यावर. मुनव्यापासून लावल्यास काही महिने जास्त लागतात. ऑगस्ट उलटून गेला असेल, तर घाई करू नका. पुढच्या जूनची वाट पाहा.

लागवड कशी करावी?

- जात: ग्रँड नैन (जी-९) किंवा बुटकी बसराई निवडा. उंच जाती उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्या वादळात लवकर कोसळतात.
- रोप: मुनवा लावायचा असेल, तर अरुंद, तलवारीसारख्या पानांचा निरोगी मुनवा घ्या. रुंद पानांचा पाणमुनवा टाळा.
- जागा: सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारनंतर पश्चिमेकडून आडोसा असेल, अशी जागा उत्तम.
- खड्डा: दीड फूट लांब, रुंद आणि खोल. दोन रोपांमध्ये ५ ते ६ फूट अंतर ठेवा.
- माती: नागपूरच्या काळ्या मातीत पाणी साचते आणि कंद सडतो. खड्ड्यात १० किलो कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू किंवा मुरूम मिसळा. रोप थोड्या उंचवट्यावर लावा.

केळीच्या मुळांनी घराचा पाया फुटतो, अशी भीती अनेकांना वाटते. ही मुळे मऊ असतात आणि बहुतेक वरच्या दीड फुटातच पसरतात. मात्र रोज पाणी दिल्याने भिंतीला ओल येऊ शकते, म्हणून ४-५ फूट अंतर सोडा.

पाण्याचे काय?

खरा प्रश्न हाच आहे. मे महिन्यात घड लागलेल्या मोठ्या केळीला दिवसाला १५ ते २० लिटर, म्हणजे एक मोठी बादली पाणी लागते. नळाला पाणी कमी येते, त्याच दिवसांत ही गरज सर्वात जास्त असते. म्हणून दोनच रोपे लावा. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी त्यांना द्या. आळ्यात वाळलेल्या पानांचे जाड आच्छादन करा.

कूलरच्या टाकीत उरलेले पाणी मात्र देऊ नका. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि केळीला क्षार सोसत नाहीत. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्याचेही तसेच.

सर्वात मोठी चूक

कंदाभोवती फुटलेले सगळे मुनवे तसेच वाढू देणे ही घरोघरी दिसणारी चूक. दाट बेट तयार होते आणि घड बारीक राहतो. केळी निसवेपर्यंत दर महिन्याला मुनवे जमिनीलगत कापा. घड बाहेर आल्यावर एकच जोमदार मुनवा ठेवा.

घड आल्यावर

- शेवटच्या फणीखाली फळे धरणे थांबले की केळफूल कापा. त्याची भाजी होते आणि घडाला पोषण मिळते.
- घड आणि दांडा केळीच्याच वाळलेल्या पानांनी झाका.
- खांबाला बांबूचा टेकू द्या.
- निसवल्यापासून साधारण ३ ते ४ महिन्यांत फळांच्या कडा गोलसर होतात. तेव्हा घड हिरवाच उतरवा.

घड पिकवायला पावडर लागत नाही. फण्या कागदाच्या खोक्यात एखाद्या पिकलेल्या आंब्यासोबत ठेवा. आंब्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने काही दिवसांत केळी पिवळी होतात.

जूनमध्ये लावलेले रोप पुढच्या उन्हाळ्यातून तगले, तर घड घरचा. त्याआधी जेवायला पाने आणि भाजीला केळफूल मिळतेच. घड उतरवल्यावर खांबही सत्यनारायणाच्या पूजेच्या चौरंगाला उपयोगी पडतो.