वीज आंब्यावर, जळाला मीटर

१९८४च्या जूनमधली गोष्ट. शाळेमागच्या आंब्यावर वीज पडली. आंबा उभा फाटला आणि इकडे शाळेतला विजेचा मीटर जळाला. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, वीज तर आंब्यावर पडली, मग मीटर का जळाला?" मी मराठी-इतिहासाचा मास्तर. "तारेवरही पडली असेल, बस खाली," म्हणून मोकळा झालो. ते "बस खाली" अजून टोचते.

वीज जवळपास कोसळली की तिच्या प्रवाहामुळे भोवतालचे विद्युत-चुंबकीय क्षेत्र एकदम बदलते, आणि जिला वीज शिवलीही नाही त्या तारेतही व्होल्टेज उसळते. पण सारा खेळ काही मायक्रोसेकंदांचा. मीटरचा काटा हलण्याआधीच संपलेला. मग मोजायचे कसे?

त्याचे मूळ सापडते जर्मनीत, ग्योटिंगेनला. १७७७च्या सुमारास प्राध्यापक लिश्टेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत राळेच्या थाळीवर धूळ बसली, आणि थाळीवर जिथे विद्युतभार होता तिथे त्या धुळीच्या चांदण्या उमटल्या. (झाडलोट चोख असती तर हा शोध राहिला असता, हे मी घरात सांगून पाहिले. उपयोग झाला नाही.) जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९२४ साली, अमेरिकेत वेस्टिंगहाउसच्या पीटर्स यांनी धुळीऐवजी फोटोची फिल्म वापरली. यंत्राचे नाव क्लायडोनोग्राफ. फिल्मवरच्या आकृतीच्या आकारमानावरून व्होल्टेज किती ते कळे, आणि ती फांद्याफांद्यांची की गोलसर यावरून धन की ऋण ते. असली यंत्रे लाइनींना जोडून माणसे पावसाळी ढगांची वाट बघत बसली!

तोवर समज असा, की लाइनींचा बहुतेक बिघाड अशा दुरून उसळलेल्या व्होल्टेजनेच होतो. १९३०मध्ये फोर्टेस्क्यू म्हणाले, मोठ्या लाइनींचा खरा शत्रू थेट पडणारी वीज. ते खरेच ठरले. पण मोठ्या लाइनी जे पचवतात ते आपल्या गावोगावच्या ११ केव्हीच्या लाइनीला झेपत नाही. दक्षिण आफ्रिकेत एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी अशाच सुमारे १० किलोमीटरच्या चाचणी-लाइनीवर मोजमाप करून ते १९८२ साली प्रसिद्ध केले. जपानमध्ये योकोयामा यांनी तर उंच धुरांड्यावर पडलेल्या विजेचा प्रवाह आणि शेजारच्या तारेतले व्होल्टेज एकाच वेळी मोजले. तो निबंध १९८३चा. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आदल्याच वर्षी छापून आले होते. आमच्याकडे धुरांडे नव्हते, आंबा होता, एवढाच फरक.

तो मुलगा आता पन्नाशीच्या पुढे असेल. त्या वर्गातले कोणी हे वाचत असेल तर त्याला कळवा, मीटर जळायला वीज तारेवर पडायची गरज नव्हती.