फॅक्टरी आणि वखार

अहमदाबादला जाताना आमची बस कामरेजच्या चौरस्त्यावर थांबली. सुरत इथून जेमतेम वीस किलोमीटर. आसपास फॅक्टऱ्यांच्या पाट्या. शाळेतल्या वाचनालयात वाचलेल्या एका इंग्रजी पुस्तकाची आठवण झाली. सुरतेत इंग्रजांनी फॅक्टरी काढली, असे त्यात होते. मी बरीच वर्षे तिथे चिमणी आणि भोंगा असणार असे समजत होतो!

१६१३ साली जहांगीरच्या फर्मानाने उभ्या राहिलेल्या त्या फॅक्टरीत काहीच तयार होत नव्हते. लॅटिनमध्ये 'फॅक्टर' म्हणजे करणारा. त्यावरून दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा अडत्या तो फॅक्टर, आणि तो राहतो ती फॅक्टरी. जहाजे वाऱ्याच्या हंगामात येत. तोवर माल थोडाथोडा घेऊन साठवायचा, म्हणून कोठार हवे. कापड विणले जायचे ते विणकरांच्या घरी, आगाऊ रक्कम घेऊन. कंपनीच्या नोकरीतली पहिली पायरी 'रायटर', त्यावरची फॅक्टर. म्हणजे आम्हा कारकुनांचे पूर्वज तिथलेच!

पोर्तुगीज याच ठाण्याला 'फैतोरिया' म्हणत. यंत्राच्या कारखान्याला मात्र त्यांचा शब्द 'फाब्रिका'. आपल्या गोव्यात फाब्रिका म्हटले की चर्चची मालमत्ता सांभाळणारी व्यवस्था आठवते, हे आणखी वेगळेच.

इंग्रजीत पुढे माल बनवण्याच्या जागेला 'मॅन्युफॅक्टरी' म्हणू लागले आणि तोंडी तेही फॅक्टरीवर आले. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला, तोवर अर्थ पुरता पालटला होता. तो कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता.

मराठीने मात्र घोळ केला नाही. शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीत जॉर्ज ऑक्झिंडेनने राखली ती सुरतेची 'वखार', आणि राजापूरची तीही वखारच. गुजरातीत तिला 'कोठी' म्हणतात. आपल्याकडे आजही लाकडाची वखार असते. माल ठेवायची जागा, एवढाच अर्थ.

इंग्रजी शब्दाने 'करणारा' हे नाव अडत्याला दिले. खरे करणारे आपापल्या घरी मागावर बसले होते. त्यांची नावे वखारीच्या वह्यांत शोधावी लागतात.

बस सुटली. पाट्या मागे पडल्या.