रुपयाएवढी चकती

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात मिस्त्रींनी माझ्या हातावर एक काडेपेटी ठेवली. आत पत्र्याचे पाच वेडेवाकडे तुकडे, एक स्क्रू आणि दुसऱ्या स्क्रूचे नुसते डोके. खालचा घटनाक्रम मी लिहिला असला तरी लावला त्यांनी, काडेपेटीपासून सुरुवात करून मागे मागे जात.

सकाळी 6.50. उरले 10 तास 50 मिनिटे

राजारामपुरी. इंजिन थंड. गाडी चार सिलिंडरची डिझेल, परदेशी बनावटीची, मी तिचा तिसरा मालक. कंपनीचे नाव इथे नको. रत्नागिरीला मावसभावाच्या मुलीचा साखरपुडा होता, म्हणून मी आणि बायको निघालो.

स्टार्टर मारला तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमधल्या चारही चकत्या मिटलेल्या होत्या. अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडरला हवा आत घ्यायच्या दोन वाटा असतात. गाडी रेंगाळत असते तेव्हा हवाही रेंगाळत येते, डिझेलात नीट मिसळत नाही आणि धूर होतो. म्हणून एका वाटेवर ही चकती, म्हणजे स्वर्ल फ्लॅप, आडवी येते. सगळी हवा उरलेल्या वाटेने तिरकी घुसते आणि सिलिंडरात भोवऱ्यासारखी फिरते. फेरे वाढले, साधारण दोन हजारांच्या पुढे गेले, की चकत्या उघडतात आणि दोन्ही वाटा मोकळ्या होतात. माझ्या इंजिनात चारही चकत्या एका दांड्याला जोडलेल्या होत्या आणि तो दांडा हलवायला एक लहानशी मोटर. चकती रुपयाच्या नाण्याएवढी, आपल्या आसावर दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली.

7.55, बांबवडे

गाडी झकास पळत होती. चकत्या उघड्या, काम काहीच नाही.

कोल्हापूरच्या माणसाला या चकतीत एक गंमत वाटावी. याच उद्यमनगराने विहिरी-नदीवरची ऑइल इंजिने पिढ्यान्‌पिढ्या बनवली. हवा तिथेही घुमवावी लागायचीच. पण ते काम हेडमधल्या वाटेच्या वळणावर किंवा जळणासाठी ठेवलेल्या वेगळ्या कोठीवर सोपवलेले असे. ते वळण ओतकामाच्या साच्यातच यायचे. हलणारा भाग नाही, म्हणून सुटून पडणाराही नाही. अर्थात त्या इंजिनाला एका ठरलेल्या वेगाने पाणी उपसायचे असते. गाडीला सिग्नलवर आठशे फेऱ्यांवर गप्प उभे राहायचे असते आणि हायवेवर चार हजारांपर्यंत चढायचे असते. दोन्हीकडे धूर नको असतो. त्या हट्टापायी ही चकती आली.

8.40, आंबा घाटाचा उतार

उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की टिकटिक ऐकू यायची. महिनाभर येत होती.

टिकटिकीचे मूळ काजळीत होते आणि काजळीचे मूळ घरापाशीच. नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून ईजीआर व्हॉल्व्ह जळलेला थोडा धूर परत आत सोडतो. क्रँककेसमधली तेलकट वाफही त्याच वाटेला सोडलेली असते. दोन्ही मिळून डांबरासारखा थर बसतो. माझी गाडी दोन वर्षे राजारामपुरी, शाहूपुरी आणि संध्याकाळी रंकाळा एवढ्यातच फिरली. इंजिन नीट तापायच्या आत मी ते बंद करायचो. ‘गाडी लई दिवस गावातच फिरवलीसा,’ असे मिस्त्री नंतर म्हणाले, ते यासाठी. थर वाढला, चकत्या अडखळू लागल्या, मोटर त्यांना ओढतच राहिली आणि आसाच्या भोकात ढिलाई आली. ढिल्या आसावरची चकती हवेच्या प्रत्येक हिसक्याला थरथरते. असे लाखो हिसके बसले की धातू थकतो, स्क्रू सैल होतो.

दुपारी 12.30, रत्नागिरी

जेवण. भावाचा धाकटा मुलगा गाडीशी खेळून आला आणि म्हणाला, ‘‘काका, चालू असताना ती टिकटिक का करते?’’ मी म्हणालो, ‘‘डिझेल आहे ना ती.’’

4.50, साखरपा. उरली 50 मिनिटे

चहाला थांबण्याआधी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. नवा नव्हता. पंधरा दिवसांपूर्वीही लागला होता. तेव्हा एकाने स्कॅनर लावून सांगितले, इनटेक फ्लॅप सांगितलेल्या जागी जात नाहीत. आणि त्याने कोड पुसून दिला. दिवा गेला, मी खूश. गाडीचा कॉम्प्युटर जे दोनदा सांगत होता ते मला ऐकायचे नव्हते, कारण मॅनिफोल्ड उतरवणे म्हणजे दोन दिवस गाडी बंद.

5.20, घाटाचा पायथा. उरली 20 मिनिटे

पुढे उसाचा ट्रॅक्टर नव्हता, रस्ता मोकळा होता, म्हणून मी तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला. तीन हजार फेरे. म्हणजे पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर येतो आणि हवेचा व्हॉल्व्ह पंचवीस वेळा उघडतो. वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर फट असते. त्या फटीत दुसऱ्या कशालाही जागा नाही.

5.40

तिसऱ्या सिलिंडरची चकती आसावरून तुटली.

पत्र्याच्या डब्यात खडी हलवावी तसा आवाज आला. बायको म्हणाली, ‘‘अहो, थांबवा!’’ मी वळणापुढची मोकळी जागा गाठायची म्हणून आणखी दहा सेकंद गाडी रेटली. त्या दहा सेकंदांत पिस्टन पाचशे वेळा वर आला. चकती व्हॉल्व्हखाली चेपून फुटली, तुकडे आत गेले, पिस्टनच्या ॲल्युमिनियमच्या डोक्यात रुतले, ग्लो प्लगचे टोक उडाले. काही तुकडे एक्झॉस्टवाटे टर्बोच्या पात्यांवर जाऊन आदळले. तो टर्बो मिनिटाला लाखाच्या घरात फिरतो. मिस्त्रींचे मत असे की आवाजासरशी चावी बंद केली असती तर टर्बो वाचला असता. ते दहा सेकंद सर्वांत महाग पडले.

5.41

शांतता. एका ट्रकवाल्याने न सांगता मागच्या चाकाखाली दगड लावला.

दहा दिवसांनी, उद्यमनगर

हेड उतरवले. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह वाकडा, पिस्टनवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. मी मिस्त्रींना विचारले, असे फक्त माझेच झाले का? त्यांनी मान हलवली. बीएमडब्ल्यूची एम 47 आणि एम 57 ही डिझेल इंजिने याच दुखण्यासाठी जगभर ओळखली जातात. त्या इंजिनांत लोक चकत्या काढून त्या जागी बुचे बसवतात. कमी फेऱ्यांवर धूर थोडा वाढतो, आणि कायद्याच्या दृष्टीने प्रदूषण नियंत्रणाच्या भागाला हात लावणे योग्य नाही. काही इंजिनांत चकत्या नव्हेत, तर प्लॅस्टिकचा जोडदांडा तुटतो. तिथे दिवा लागतो, गाडी मंदावते, इंजिन मात्र बहुधा वाचते.

मॅनिफोल्ड टेबलावर पडला होता. मिस्त्रींनी चिंधीने काजळी पुसली आणि उरलेल्या तीन चकत्यांना एकेक करून बोट लावले. दोन हलत होत्या.