मुंबईतील चिनी वस्ती (माझगाव, कामाठीपुरा)

मुंबई बेटाच्या पूर्व भागात गोद्यांच्या आधाराने वसलेली आणि आज जवळजवळ विरून गेलेली चिनी लोकांची वस्ती. तिच्या खुणा मुख्यतः तीन ठिकाणी सापडतात : माझगावच्या नवाब टँक रस्त्यावरील सी यप कून मंदिर, कामाठीपुऱ्यातील शुक्लाजी स्ट्रीट आणि अँटॉप हिल येथील चिनी दफनभूमी. कोलकात्यात टिरेटा बाजार आणि टांगरा हे चिनी लोकांचे मोहल्ले म्हणून नावारूपाला आले. तशी सलग चिनी वसाहत मुंबईत टिकली नाही. इथला चिनी माणूस बहुधा बोटीवरून उतरला, बंदराजवळ खोली करून राहिला आणि पुढच्या पिढीत शहरभर पांगला.

मुंबईचा चीनशी व्यापार या वस्तीपेक्षा जुना आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथला कापूस आणि पुढे माळव्याची अफू कँटनला (आजचे ग्वांगझो) जात असे. परतीच्या जहाजांतून चहा, रेशीम व चिनी मातीची भांडी येत. जमशेटजी जीजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या आणि त्या व्यापारातून त्यांची संपत्ती उभी राहिली. पारशी बायकांच्या भरतकामाच्या गारा साड्या हेही त्याच व्यापाराचे देणे. मुंबईच्या वैभवाचा एक पाया अफूवर उभा आहे आणि त्याची झळ चीनमधील घरांना लागली, याचा उल्लेख शहराच्या इतिहासात अजूनही पुरेसा ठळकपणे होत नाही.

महाराष्ट्रातील चिनी वास्तव्याचे एक जुने ठिकाण मात्र मुंबईबाहेर, महाबळेश्वरला आहे. सिंगापूर-पेनांगकडील ब्रिटिश वसाहतींमधून पाठवलेल्या चिनी व मलायी कैद्यांसाठी तिथे १८३४ मध्ये तुरुंग उघडण्यात आला. तो १८६४ पर्यंत चालला. या कैद्यांनी थंड हवेच्या त्या गावी बटाटे व इतर भाज्यांचे मळे फुलवले. त्यांच्या बागांजवळचा धबधबा आजही ‘चायनामन्स फॉल’ म्हणून ओळखला जातो. तिथे येणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोड्यांना हे नाव कैद्यांमुळे पडले हे ठाऊक असते.

भारतात आलेले चिनी लोक एकजिनसी नव्हते. कोण कुठल्या प्रांतातला, कुठली बोली बोलणारा, यावर त्याचा धंदा आणि शेजार ठरे. हाक्का लोकांनी कोलकात्यात चामड्याचे कारखाने आणि पादत्राणांची दुकाने काढली. कँटनकडचे लोक सुतारकामात आणि जहाजांवर होते. हूपे प्रांतातले दात बसवत, तर शांतुंगचे फेरीवाले रेशमी कापडाचे गठ्ठे घेऊन दारोदार फिरत. मुंबईत गोदीमुळे कँटनी खलाशांचे वजन जास्त. त्यांतले बरेच जण मोती नदीच्या मुखाच्या पश्चिमेकडील चार परगण्यांतले होते : थायशान, खायपिंग, शिनह्वी आणि अनपिंग. डोंगराळ जमीन, अपुरी शेती आणि जवळ समुद्र यांमुळे या भागातून एकोणिसाव्या शतकात माणसे लोंढ्याने बाहेर पडली. सॅन फ्रान्सिस्को आणि मेलबर्नमधील जुन्या चिनी वस्त्यांमध्येही हेच लोक बहुसंख्य होते. दक्षिण मेलबर्नमध्ये त्यांनी १८६६ मध्ये बांधलेले मंदिर माझगावच्या मंदिराचे थोरले भावंड म्हणता येईल. दोन्हींचे नाव एकच, ‘सी यप’, म्हणजे चार परगणे.

माझगावचे मंदिर १९१९ मधील आहे. गल्लीतल्या एखाद्या राहत्या घरासारखी ही इमारत लाल रंगामुळेच काय ती वेगळी दिसते. मंदिराबरोबरच ती संस्थेची जागाही होती : नव्याने आलेल्या खलाशाला आपली बोली बोलणारी माणसे, गावाकडची खबर आणि टेकायला जागा तिथे मिळे. तळमजल्यावर करुणेची देवी क्वान यिन आहे. वरच्या मजल्यावरचा मुख्य देव क्वान कुंग, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या आरंभी मारला गेलेला सेनापती क्वान यू. लाल चेहरा आणि लांब दाढी ही त्याची ओळख. शब्दाला जागणारा म्हणून लोकांनी त्याला देवत्व दिले, आणि व्यापारी, शिपाई, खलाशी असे सगळेच त्याला मानू लागले. भाविक उदबत्त्या लावतो, मग बांबूच्या नळकांड्यातील क्रमांक घातलेल्या काड्या हलवत राहतो. एक काडी बाहेर पडली की तिच्या क्रमांकाच्या चिठ्ठीवरचे भविष्य वाचायचे. आपल्याकडे देवाला कौल लावतात, त्याच्याशी हा प्रकार फार जवळचा आहे.

जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येणाऱ्या चिनी नववर्षाला इथे गर्दी होते. मेणबत्त्या, फळे, मिठाई, लाल पाकिटांतून मुलांना पैसे आणि रात्री फटाके असा थाट असतो. चिनी पंचांगातही चांद्रमासांचा सूर्याशी मेळ राखण्यासाठी अधिक महिना धरतात, म्हणून सण आपल्यासारखेच मागेपुढे होतात. एप्रिलच्या आरंभी येणारा छिंगमिंग हा मात्र सूर्यगतीवर ठरणारा दिवस. त्या दिवशी पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करून नैवेद्य दाखवण्याची रीत आहे.

शुक्लाजी स्ट्रीटच्या परिसरात एकेकाळी चिनी खाणावळी आणि दातांचे दवाखाने होते. १९६२ च्या भारत-चीन युद्धाने या वस्तीचा कणाच मोडला. देशभरातील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांत ईशान्य भारत आणि उत्तर बंगालमधील कुटुंबे जास्त होती. त्यांपैकी कित्येकांचा जन्म भारतातच झाला होता आणि त्यांच्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. हा अन्याय होता आणि तो तशाच शब्दांत नोंदवायला हवा. छावणीबाहेर राहिलेल्यांच्याही वाट्याला संशय, पोलिसांकडील नोंदणी आणि फिरण्यावरची बंधने आली. पुढच्या दशकांत अनेक कुटुंबांनी कॅनडा, ऑस्ट्रेलियाची वाट धरली. मागे राहिलेल्यांनी ब्यूटी पार्लर, दंतवैद्यक आणि उपाहारगृहे यांत जम बसवला. त्यांची मुले हिंदी, इंग्रजी आणि मराठी बोलतात. काही घरे ख्रिस्ती झाली आहेत.

शहराने या समाजाकडून उचलली ती त्याची खाद्यसंस्कृती. चर्चगेटचे कामलिंग आणि कुलाब्याचे नानकिंग ही जुनी नावे. चिकन मंचुरियन आपण १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात प्रथम केले, असे कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग सांगत. पुढे त्यांनी चायना गार्डन काढले. घाटकोपर, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत संध्याकाळी लागणाऱ्या चायनीजच्या गाड्यांवर चिनी माणूस क्वचितच दिसतो. तिथली शेजवान चटणी लाल मिरची आणि लसणाची. सिच्वान प्रांतातल्या मूळ पदार्थांची ओळख असलेली, जीभ बधिर करणारी तिरफळासारखी मिरी तिच्यात नसते. तळलेल्या नूडल्स, कोबी आणि हीच चटणी घालून केलेली चायनीज भेळ तर पूर्णपणे मुंबईची आहे.

मंदिर हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अँटॉप हिलसाठी त्याच मार्गावरचे गुरू तेग बहादूर नगर स्थानक जवळ पडते.